त्या सकाळी चंद्र श्रवणात होता

मधू,

तुझ्या चितेवर तुझ्यासोबत आणखी पाच जण जाळले. कणकेचे. एक डोक्याशी, एक डोळ्यांवर, एक कुशीत, एक बेंबीवर, एक पायांशी. तू पंचकात गेलास असं ठरलं होतं. पंचकात गेलेला माणूस घरातल्या आणखी पाच जणांना ओढून नेतो, म्हणून त्यांच्या बदल्यात हे पाच पुतळे. तुझ्या पुतण्याने, सुमितने, ते स्वतःच्या हाताने ठेवले. कणीक सैल मळली गेली होती. डोळ्यांवरचा पुतळा घसरून कानापाशी आला, तेव्हा गुरुजींनी तो अंगठ्याने दाबून पुन्हा बसवला आणि अंगठा धोतराला पुसला. मला किळस आली. हा शब्द मी आजवर एकाही बातमीत वापरलेला नाही, कारण किळस बातमीदाराची असते, बातमीची नसते. इथे मी बातमीदार नाही.

तुझा जन्म, शिक्षण, वीज कार्यालयातली नोकरी, निवृत्ती हे सगळं आमच्याच पेपरात फोटोसह आलं. ते मी लिहिलेलं नाही. ज्याने लिहिलं त्याने शेवटी ‘आकाशात आज एक तारा वाढला’ असं टाकलं. मी अजून डेस्कवर असतो तर ते वाक्य काढलं असतं. तू असतास तर त्याला फोन करून विचारलं असतंस, कोणत्या तारकासमूहात? गल्लीच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. त्यावर तुझ्या डोक्यामागे शनी, कडी स्वच्छ दिसतील असा, आणि वरच्या बाजूला ओळीने नेत्यांचे फोटो, तुझ्याहून मोठे. ग्रहांच्या आकाराचं प्रमाण तू लोकांना तासभर समजावायचास. या फ्लेक्सवरचं प्रमाण समजावायला कोणाची गरज पडली नाही.

पंचक कोणी ठरवलं ते तुला कळायला हवं. तुझ्याच लॅपटॉपने.

तू वरच्या खोलीत खुर्चीतच गेलास. शैलावहिनी सकाळचा चहा घेऊन वर आल्या तेव्हा प्रोजेक्टर चालू होता. भिंतीवर सूर्याचं भलंमोठं बिंब होतं आणि त्याच्या कडेला बुधाचा बारीक काळा ठिपका. रविवारच्या कार्यक्रमाची तयारी चालली होती. वहिनींनी आधी पडदे उघडले, मग तुला हाक मारली, मग मला फोन केला. दुपारपर्यंत घनसावंगीहून तुझे थोरले भाऊ अण्णा आले, पुण्याहून त्यांचा मुलगा सुमित आला. तुम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे अग्नी सुमितने द्यायचा हे न बोलता ठरलं. मग कोणीतरी विचारलं, नक्षत्र कोणतं होतं?

“कॅलेंडर बगा की कुनी,” अण्णा म्हणाले.

“कॅलेंडर कशाला? काकांचं सॉफ्टवेअर आहे ना. एकदम ॲक्युरेट,” सुमित म्हणाला.

तो इंजिनिअर आहे. त्याने तुझ्या टेबलाशी बसून पहाटेची वेळ टाकली, चंद्रावर क्लिक केलं आणि अंश वाचले. तीनशे सात. पंचक तीनशेला सुरू होतं, हे त्याने फोनवर शोधलं. “लागलंय,” तो म्हणाला. अण्णांनी कपाळाला हात लावला. “बगा. मधूनं सोताच्याच कम्प्युटरात सोताचं पंचक मांडून ठेवलं.” गुरुजींना फोन लावला, तर त्यांनीही पंचांग उघडण्याची तसदी घेतली नाही. मधुकररावांचं यंत्र म्हणतंय म्हणजे असणारच, असं ते म्हणाले. आयुष्यभर तुझ्या त्या यंत्राला खेळणं म्हणणारी ही माणसं. तू गेलास त्या दिवशी त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला.

तू पुढचं वाक्य वाचायच्या आधीच ओरडला असतास. तुझं सॉफ्टवेअर अंश मोजतं ते वसंतसंपातापासून. पंचांग मोजतं ते ताऱ्यांपासून. दोन्हींत आज साधारण चोवीस अंशांचा फरक आहे. दर कार्यक्रमात तू हे सांगायचास. पडद्यावरचा मेष आणि पंचांगातला मेष ही दोन वेगळी घरं आहेत, एकाच्या पत्त्यावर दुसऱ्याचं पत्र टाकू नका. सुमितसमोर तर निदान दोनदा सांगितलंस, मी तिथे होतो. तो तेव्हा फोन बघत होता. तीनशे सातमधून चोवीस वजा केले की उरतात दोनशे त्र्याऐंशी. श्रवण नक्षत्र. पंचक लागायचं होतं दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे तुझी राख सावडायची तयारी चालू असताना. ज्या शास्त्राच्या भीतीने तुझ्या अंगावर कणीक थापली, त्या शास्त्रानेसुद्धा तुला मोकळं सोडलं होतं.

मला हे त्या दिवशी माहीत नव्हतं. पंचक आहे की नाही, हा प्रश्न मला पडतच नाही. दोन दिवसांनी वरच्या खोलीत गेलो तर लॅपटॉप तसाच उघडा, चंद्र तसाच निवडलेला, आकडा तसाच. पडताळून पाहायची सवय हातातून जात नाही.

आपण दोघांनी पहिलं अधिक्रमण पाहिलं ते दोन हजार चारच्या जूनमध्ये, तुझ्या ऑफिसच्या गच्चीवर, वेल्डिंगच्या काचेतून. सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना. रणरणत्या दुपारी तू डोक्यावर ओला पंचा टाकून बसला होतास. मला बातमी द्यायची होती. मी विचारलं, “पहिला स्पर्श किती वाजता झाला?”

“मिल्या, घड्याळ बघू का शुक्र?”

“वेळ नसेल तर बातमी नाही.”

“मंग नको देऊ बातमी. इथं बस, बघ.”

मी बसलो. बातमी वेळेशिवाय गेली आणि उपसंपादकाने ती कापून दोन ओळींची केली. तरी ते बसणं चुकलं नाही. इतका गोल, इतका काळा ठिपका मी पुन्हा पाहिला नाही. दोन हजार बाराला तुझ्या घराच्या गच्चीवर आपण पहाटेपासून थांबलो. ढग हटले तेव्हा शुक्र सूर्यावरून उतरून गेला होता. तू काच खिशात ठेवलीस आणि म्हणालास, पुढचं एकवीसशे सतराच्या डिसेंबरात. तुझा आवाज रेल्वेचं वेळापत्रक सांगणाऱ्यासारखा होता. मग आठवडाभर तू कोणाशी नीट बोलला नाहीस. आणि मग ते आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर आणलंस.

पुढे ते तुझं व्यसन झालं. वरच्या खोलीत रविवारी सकाळी पडदे ओढून तू गल्लीतल्या लोकांना बसवायचास आणि काळ पुढे पळवायचास. गच्चीवरून फोटो काढून तू क्षितिज म्हणून सॉफ्टवेअरमध्ये भरले होतेस, त्यामुळे एकवीसशे सतराचा सूर्य जुन्या जालन्यातच उगवायचा, शेजारच्या काळ्या टाकीमागून, शुक्र आधीच अंगावर घेऊन. टाकीखाली दोरीवर लुंगी वाळत होती. ती ज्यांची, ते आडतवाले शेठ पहिल्या रांगेत बसलेले.

“मधुकरराव, माझी लुंगी शंभर वर्सं वाळनारच न्हाई का हो?”

“शेठ, तुम्ही ती काढत न्हाई, मी काय करू?”

खोली हसून हसून पडली. लुंगीचा तो फोटो तू कधी बदलला नाहीस.

मंगळावरून दिसणारं पृथ्वीचं अधिक्रमण तू दाखवलंस तो रविवार मला सगळ्यांत जास्त आठवतो. दोन हजार चौऱ्याऐंशी. तू आम्हाला मंगळाच्या तांबड्या जमिनीवर उभं केलंस, सूर्य मोठा केलास, आणि त्यावरून एक काळा ठिपका सरकायला लागला. त्याच्या मागेपुढे आणखी एक, त्याहून बारीक. “हा मोठा ठिपका आपण,” तू म्हणालास. “जालना, पुणे, दिल्ली, सगळं त्याच्यात. आणि तो बारका आपला चंद्र.” मग शेठ पुन्हा म्हणाले, “मंग मंगळावरच्या मानसाला पृथ्वीची साडेसाती लागत असंल का?”

तू आनंदाने उडालास. “शेठ, आज तुम्ही लाखातला प्रश्न विचारला! त्याच्या पत्रिकेत पृथ्वी कोणत्या घरात बसवायची? आणि आपण सगळे त्या घरात बसून कोणाला पीडा देत असू?” त्या दिवशी मला वाटलं, तुझी पद्धत बरोबर आहे. एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या डोक्यात एक खिडकी उघडली. मी तुला हे कधी सांगितलं नाही. आता सांगतो.

आपलं भांडण साधं होतं. तू कार्यक्रम सुरू करताना पंचांग शेजारी ठेवायचास. एखाद्याने तारीख सांगायची, तू पंचांगातली तिथी वाचायचास, मग पडद्यावर चंद्राची तेवढीच कोर काढून दाखवायचास. लोक खूश. “आधी त्यांच्या घरात शिरायचं, मंग खिडकी उघडायची,” हे तुझं वाक्य. मी म्हणायचो, घरात शिरलास की ते तुला जेवायला बसवतात आणि खिडकी राहून जाते. तुला ते गोड वाटायचं. मला नाही. माझ्या वडिलांनी घरातले देव गोदावरीत सोडले तेव्हा सोबत पंचांगही सोडलं होतं. ते पाण्यावर तरंगत राहिलं आणि वडिलांनी ते काठीने खाली दाबलं, असं आई सांगायची. ज्या पुस्तकात आमच्या माणसांना जागा कुठे आहे हे शेकडो वर्षं दुसऱ्यांनी ठरवलं, ते पुस्तक मांडीवर घेऊन तू विज्ञान सांगत होतास. मला ते बघवत नसे. तरी मी दर रविवारी यायचो.

आकड्यांवरूनही आपलं वाजायचं. एकोणसत्तर हजार एकशे त्रेसष्ट साली बुध आणि शुक्र एकाच दिवशी सूर्यावरून जाणार, हे तू एकदा लावलंस. दोन ठिपके, एक बिंब, खाली तारीख आणि स्थळ जालना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मागून म्हणालो, ही बातमी छापता येणार नाही.

“का? गणित आहे.”

“तितक्या वर्षांत पृथ्वीचं फिरणं किती मंदावेल ते कोणाला माहीत नाही. त्या वेळी जालन्यात दिवस असेल की रात्र, हे तुझं यंत्र कुठून सांगतं?”

“अंदाजाने.”

“मग खाली अंदाज असं लिही.”

तू चिडलास. पुढच्या रविवारी मात्र तेच दृश्य पुन्हा लावलंस आणि स्थळाच्या जागी कागदाची चिठ्ठी चिकटवलीस. तिच्यावर लिहिलं होतं, ‘जालना असेलच असं नाही. संपादकांच्या आदेशावरून.’ यंत्राला कोणताही आकडा दिला तरी ते चित्र काढून देतं, त्याला लाज नसते, लाज आपल्याला असावी लागते, हे तू नंतर स्वतःच लोकांना सांगायला लागलास. माझं वाक्य होतं, तू नाव न घेता वापरलंस. चालतं.

शेवटचं भांडण तू जाण्याच्या काही रविवार आधीचं. बुधाचं दोन हजार बत्तीसचं अधिक्रमण तू दाखवलंस. ते भारतातून पूर्ण दिसणार, तेही दुपारी, त्यामुळे जेवून आरामात बघता येईल म्हणून तू खुशीत होतास. कार्यक्रम संपल्यावर एका बाईने विचारलं, बुध सूर्यावरून गेला तर मुलाच्या शिक्षणाला चांगलं की वाईट? तू हसून म्हणालास, “चांगलंच आहे ताई. अभ्यास कर म्हणावं.”

ती गेल्यावर मी म्हणालो, “तू फळ सांगितलंस.”

“तिला बरं वाटलं.”

“ज्योतिषीही तेच करतो.”

“तो पैसे घेतो.”

“एवढाच फरक उरला का?”

तू उत्तर दिलं नाहीस. वहिनींनी चहा आणला, तू माझ्या कपात साखर जास्त घातलीस, आणि ते तिथेच राहिलं. उत्तर न देणाऱ्याशी भांडण पुढे नेता येत नाही. आता तर नाहीच.

पण तुझी पद्धत मी वापरली. ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

दहाव्यानंतर अण्णांनी बैठकीत जाहीर केलं, तेरावं झालं की घर पाच महिने बंद ठेवायचं. पंचकात माणूस गेला की घर सोडावं लागतं. दिवा लावायचा नाही, आत वावरायचं नाही. शैलावहिनींनी घनसावंगीला यायचं. कोणी हरकत घेतली नाही. ज्या बाईला घर सोडायचं होतं, ती आत कपबशा धूत होती. तिला विचारण्याची गरज कोणाला वाटली नाही.

मी स्वयंपाकघरात गेलो. वहिनी म्हणाल्या, “भावजी, तिथं गेले की मी परत येनार न्हाई.”

“पाच महिने म्हणाले ना.”

“पाच म्हन्त्यात. मंग म्हन्तील एकटी कशाला राह्यतीस. मंग म्हन्तील घर भाड्यानं देऊ. तिथं मला मागची खोली हाय, म्हशीच्या बाजूची. बाई एकदा दुसऱ्याच्या चुलीवर गेली की तिची चूल गेली.” त्यांनी नळ बंद केला. “ह्यांनी हे घर बांधलं तवा एकेक खिडकी मला विचारून काढली. तुमाला काही करता येत असंल तर बगा.”

करता येण्यासारखी एकच गोष्ट होती. तिथेच, त्यांच्या डोक्यामागे, खिळ्याला कॅलेंडर टांगलेलं होतं. तू गेलास त्या दिवसाच्या चौकटीत, दुधाच्या खाडाच्या खुणेखाली, बारीक अक्षरात छापलं होतं: श्रवण. घरात शिरताना, बाहेर पडताना, चहा मागताना, सगळे त्याच्यासमोरून गेले होते.

तेराव्याला, जेवणाआधी, मी ते कॅलेंडर काढून बैठकीत नेलं. पंचक थोतांड आहे, असं मी म्हटलं असतं तर अण्णांनी माझ्याकडे पाहिलंही नसतं. म्हणून मी तू बोलला असतास तसं बोललो. तुमचं पंचांग बरोबर आहे, म्हणालो. वाचणाऱ्याचं चुकलं. चोवीस अंशांचं सगळं समजावलं. माझ्या तोंडून ‘पंचक त्या वेळी लागलेलं नव्हतं’ हे वाक्य बाहेर पडलं. पंचक लागतं, हे त्या वाक्यात गृहीत आहे. मला ते कळत होतं आणि तरी मी ते उच्चारलं.

अण्णा म्हणाले, “मिलिंदराव, तुमच्यात हे नसतं. तुमाला त्यातलं काय कळनार?”

तुझ्या घरात मी किती वर्षं जेवलो, मधू. हे ‘तुमच्यात’ इतकी वर्षं कुठे ठेवलेलं असतं, कोणत्या फडताळात, ते मला कधी दिसलं नव्हतं. मी म्हणालो, “आमच्यात नाही. तुमच्यात आहे, म्हणून तुमचंच कॅलेंडर वाचा.”

अण्णांनी चष्मा लावला. बोट फिरवत त्या चौकटीवर आणलं. “श्र... वण.” ते सुमितकडे बघायला लागले.

“पण सॉफ्टवेअर चुकीचं कसं असेल?” सुमित म्हणाला.

“सॉफ्टवेअर बरोबर आहे. तू चुकीचा आहेस,” मी म्हणालो. हे वाक्य मात्र मी अगदी मनापासून म्हटलं.

क्षणभर वाटलं, झालं. अण्णा विरघळल्यासारखे दिसले. मग सगळ्यांच्या माना गुरुजींकडे वळल्या. गुरुजी पानाला चुना लावत होते. त्यांनी घाई केली नाही. स्वतःच्या चुकीविषयी त्यांनी एक शब्द काढला नाही. ते म्हणाले, “पंचक नसताना पंचकाचे पुतळे जाळले म्हणजे काय झालं? ज्यांना बोलावणं नव्हतं अशा पाच जणांना विनाकारण आवतन गेलं. हा त्याच्याहून मोठा दोष. घर आता सहा महिने बंद ठेवावं लागेल.”

मी खूप प्रकारची माणसं कव्हर केली आहेत. पंचनाम्यात आकडे बदलणारी, मेलेल्यांच्या नावावर धान्य उचलणारी. त्यांना पकडलं की निदान नजर खाली जाते. या माणसाने पान तोंडात घातलं. आणि खोलीतलं एकही माणूस हसलं नाही. सगळ्यांनी मान हलवली, बराबर आहे म्हणून. मी शिरलो होतो त्यांच्या घरात, मधू, तू सांगायचास तसा. बघ, त्यांनी त्या घराची एक भिंत उचलून माझ्यामागे सरकवली. तुझ्या पद्धतीचं एवढंच आहे. त्यांच्या नियमाने खेळलं की नियम तेच बदलतात.

तेव्हा शैलावहिनी दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या.

“दोस लागायचा तर मला लागू द्या. मी कुठं येत न्हाई.”

“शैला, तुज्या एकटीचा सवाल न्हाई,” अण्णा म्हणाले. “पाच जनांचा हाय.”

“मंग तुमी पाच जन हिकडं येऊ नका. पाच का, सगळेच येऊ नका. घराला दोस हाय ना? मी घरात राह्यते, तुमी बाहेर राह्या. दोगांचंबी काम झालं.”

“वहिनी, काकू, जरा विचार करा,” असं चारी बाजूंनी सुरू झालं. त्या ऐकून घेत राहिल्या आणि मग म्हणाल्या, “जेवायचं वाढते. बसा.” आणि आत गेल्या. चंद्राचं नाव त्यांनी घेतलं नाही. माझं चोवीस अंशांचं गणितही त्यांनी वापरलं नाही. मी तुझ्या बाजूने हरलो होतो आणि माझी बाजू मी मांडलीच नव्हती. तिसरी बाजू आपल्या दोघांच्या भांडणात कधी आलीच नाही.

पाहुणे जेवले. मग सूर्य मावळायच्या आत दोषी घरातून बाहेर पडायचं म्हणून एकच गडबड उडाली. जाताना त्याच दोषी घरातली उरलेली बुंदी त्यांनी पिशव्यांत भरून घेतली. दोष बुंदीला लागत नाही, असं दिसतं. जीपमध्ये जागेवरून बाचाबाची झाली. मी फाटकाशी उभा राहून पाहत होतो. कुंपणावरून शेठही पाहत होते. ते फक्त “मधुकरराव असायला पायजे व्हते” एवढंच म्हणाले आणि आत गेले.

पंधरवड्याने तुझी आत्या गेली. नव्वदी ओलांडलेली, दोन वर्षं अंथरुणावर, अण्णांच्या घरी. मी तुझी पुस्तकं लावायला वहिनींकडे आलो होतो. त्यांचे हात ओले होते, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. अण्णा म्हणाले, “शैला, आत्या गेली. पयला नंबर लागला बग.”

मला वाटलं वहिनी रडतील. त्या म्हणाल्या, “आत्याबाई कवाच्या सुटायचं म्हनून राह्यल्या व्हत्या, अण्णा. त्यांना कुनी न्हेलं न्हाई. मी येऊन राह्यले.”

“तू नको येऊ...”

त्यांनी फोन बंद केला. मी गाडी काढली.

घनसावंगीत ओसरीवर बायका बसल्या होत्या. वहिनी आत शिरताच सतरंजीवर त्यांच्याभोवती जागा मोकळी होत गेली. कोणी उठलं नाही, नुसत्या सरकल्या. आजारी माणसापासून लहान मुलाला बाजूला ओढतात तशा. तुझ्या मृत्यूचा हिशेब त्या बाईच्या अंगावर मांडला आहे आणि तो पाचपर्यंत मोजला जाणार आहे. म्हातारे गेले तरी, अपघात झाला तरी, साखरेने कोणी गेला तरी. वहिनी त्या मोकळ्या जागेत जाऊन बसल्या, आत्याबाईंचा पदर सारखा केला आणि त्यांच्या कपाळावर हात ठेवला.

अंगणात सुमित माझी वाट बघत होता. हातात फोन. त्याने त्याच्यात तुझंच सॉफ्टवेअर उतरवून घेतलं होतं.

“काका, हे बघा ना. आत्याआजींची वेळ टाकली. या वेळी चोवीस वजा केले. बरोबर आहे ना? पंचक नाही येत.”

अण्णा शेजारी येऊन उभे राहिले. दोघांच्या चेहऱ्यावर मला दाखवायचा उत्साह होता. शिकले होते, मधू. तू इतके रविवार जे शिकवू शकला नाहीस ते माझ्या एका दुपारने शिकवलं. पृथ्वीचं अधिक्रमण नाही, मंगळावरून दिसणारा ठिपका नाही. वजाबाकी तेवढी उचलली, पुतळे अचूक वेळी जाळता यावेत म्हणून. तू त्याच्या पाठीवर थाप मारली असतीस, मला माहीत आहे. मला फोनकडे बघवेना.

“मी सांगणार नाही,” मी म्हणालो.

अण्णांना राग आला. “शैलासाठी सांगितलं, आमच्यासाठी न्हाई व्हय?”

“हो,” मी म्हणालो.

पुढे काय केलं त्यांनी, ते पाहायला मी थांबलो नाही. आत्याबाईंना उचलल्यावर वहिनी बाहेर आल्या आणि थेट गाडीत बसल्या. गाव मागे पडलं, दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला, तेव्हा त्यांनी विचारलं, “काय इचारत व्हते तुमाला?”

“चंद्र कुठे आहे ते.”

“मंग?”

“सांगितलं नाही.”

त्यांनी खिडकीची काच खाली केली. “ह्यांनी सांगितलं असतं,” त्या म्हणाल्या.

“सांगितलं असतं. आणि मी गाडीत त्याच्याशी भांडलो असतो.”

“मंग भांडा की,” वहिनी म्हणाल्या. “जालना यायला अजून लई येळ हाय.”